पारायणाच्या पुस्तकांची बांधणी : आमची वाटचाल

पुण्याच्या सदाशिव पेठेत वडिलांनी सत्तरच्या दशकात बाइंडिंगचे काम सुरू केले, तेव्हा घर चालत असे ते व्यापाऱ्यांच्या खतावण्या, हजेरीपत्रके आणि शाळांची रजिस्टरे यांवर. दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्यांची पूजा व्हायची, त्यामुळे दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत कारागिरांना मान वर करायला फुरसत नसे. पुढे हिशेब संगणकावर गेले आणि ते काम आटले. आज आमचा व्यवसाय उभा आहे तो बाजारात नवी प्रत सहज मिळत असूनही आपली जुनी, खिळखिळी झालेली प्रतच दुरुस्त करून मागणाऱ्या वाचकांवर.

ही माणसे कोणते पुस्तक कशासाठी जपतात, हे पुष्कळदा पुस्तकच सांगते. पुस्तक टेबलावर पाठीवर उभे धरून सोडले की ते ज्या पानावर आपोआप उघडते, तिथे वाचणारा वारंवार गेलेला असतो. ‘शिवलीलामृता’च्या पोथीत ही जागा बहुधा अकराव्या अध्यायाची असते, कारण रोज तेवढा एकच अध्याय म्हणण्याचा नेम अनेक घरांत आहे, त्या पानांचे खालचे कोपरे बोटांच्या तेलकटपणाने पिवळे पडून जवळजवळ पारदर्शक झालेले असतात आणि मागचीपुढची पाने त्या मानाने कोरी राहिलेली दिसतात. (हळदकुंकवाचे डाग आम्ही कधीही पुसत नाही.) ‘व्यक्ती आणि वल्ली’ अंतू बर्व्यापाशी नाही तर नारायणापाशी उघडते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ मात्र एका जागी उघडत नाही. तिची मांडणीच ४२ रात्रींची आहे, मुलांना रोज एकेक रात्र वाचून दाखवली जाते आणि झीज सगळीकडे सारखी होते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणणाऱ्या एका आजींनी सांगितले होते की, आजारपणात दुसरे काही वाचवत नाही, पण यात पुढे काय होणार ते ठाऊक असते, म्हणून मन निवांत होते. माझ्या मते अशा पुस्तकांविषयी याहून नेमके कोणी बोललेले नाही.

या वाचकांनी आमची कामाची पद्धतच बदलली. पूर्वी शिलाई झाली की पुस्तकाच्या तिन्ही कडा कटिंग मशीनवर साफ कापून देणे, हेच चांगल्या कामाचे लक्षण मानले जाई. आता घरगुती पुस्तकाच्या कडा आम्ही कापत नाही, कारण समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा, तारखा आणि कधी कधी नातवंडांची चित्रेही त्यात जातात. मूळ मुखपृष्ठ शक्य तितके जपून नव्या पुठ्ठ्यावर बसवतो. फाटलेली पाने पातळ जपानी टिश्यू कागदाने जोडतो. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ वापरतो आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात थोडा मोरचूद घालतो. ही खळ पुढे कधी पुस्तक पुन्हा उलगडायचे झाले तर पाण्याने सुटते, म्हणून ती आम्हाला फेविकॉलपेक्षा बरी वाटते. घरी पानांना सेलोटेप लावू नये, एवढी एक विनंती आम्ही प्रत्येकाला करतो. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि मग अक्षरांवरचा तो डाग निघत नाही.

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सप्ताहाआधी ‘गुरुचरित्रा’च्या पोथ्यांची गर्दी होते. त्या दिवसांत बाकीची कामे आम्ही नम्रपणे पुढे ढकलतो, कारण सप्ताह कोणासाठी थांबत नाही.

अलीकडे नवे काम येऊ लागले आहे. जुन्या आवृत्त्यांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, दोऱ्याने शिवलेले असल्याने ते उसवून पुन्हा शिवता येतात. आताची बरीच पुस्तके मात्र पाठीला गरम गोंद लावून चिकटवलेली असतात आणि वारंवार उघडली की त्यांची पाने सुटी होतात, म्हणून काही वाचक नवी प्रत विकत घेतल्या घेतल्याच शिवायला आणून देतात. अशा प्रतीला कडेने भोके पाडून शिलाई घालावी लागते आणि तिच्यात आतला समास बराचसा खर्ची पडतो. समास अरुंद असेल तर ओळींची सुरुवात शिलाईत दडते. तसे असेल तर आम्ही काम घेत नाही. घरात त्याच पुस्तकाची जुनी शिवलेली प्रत असल्यास ती घेऊन या, असे सांगतो.