रिव्हरवरचा कॉल

पणजी, रात्रीचे अडीच.

मांडवीतल्या कॅसिनो बोटीवरून खोलीवर येऊन तास झाला, पण झोप नाही. पोकरचा एक हात, म्हणजे डाव, डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढते.

ब्लाइंड (पानं बघण्याआधीच दोघांनी लावायचे सक्तीचे पैसे) १००-२००. बटणवरच्या (पुढे शेवटी बोलायची जागा) काकांनी ५०० केले, मी बिग ब्लाइंडमधून (२०० ची जागा) कॉल केला, तेवढेच पैसे लावले. माझ्याकडे चौकटचा राजा, बदामाची दश्शी. फ्लॉपला, टेबलावरच्या पहिल्या तीन उघड्या पानांत, बदामाचा राजा, बदामाची अठ्ठी, किलवरची पंजी. मी चेक (पैसे न लावता पुढे), त्यांचे ५००, कॉल. टर्नला, चौथ्या पानाला, इस्पिकची दुर्री. त्यांचे १,४००, परत कॉल. रिव्हरला, पाचव्या आणि शेवटच्या पानाला, किलवरचा गुलाम आला, मी चेक केलं आणि काकांनी ४,९०० च्या पॉटमध्ये (मध्ये जमलेले पैसे) ४,९०० सरकवले.

गणित सोपं आहे. ४,९०० घालून ९,८०० मिळवायचे, म्हणजे तीनदा कॉल करून एकदा जिंकले तरी नुकसान नाही. पण तीनात एकदा तरी ते हातात काही नसताना ब्लफ करतात का?

आपल्याला आधी बोलावं लागतं, त्याची किंमत इथे कळते. माझा चेक बघून काकांना फुकटात पानं उघडता आली असती. गुलामाची किंवा अठ्ठीची जोडी असती तर त्यांनी तेच केलं असतं. त्याऐवजी अख्खा पॉट लावला, म्हणजे एक तर भक्कम हात, नाहीतर काहीच नाही. माझी राजाची जोडी दिसायला कितीही चांगली असली, तरी ती हरवते ते जवळजवळ फक्त ब्लफलाच.

इथे ब्लफ म्हणजे पाच बदाम जमायचे हुकलेले, नाहीतर ओळ हुकलेली सत्ती-छक्की. आणि बदामाची दश्शी तर माझ्याच हातात! एक्का-दश्शी, राणी-दश्शी, दश्शी-नव्वी, यातलं बदामाचं काहीच त्यांच्याकडे असू शकत नाही, म्हणजे ब्लफची शक्यता तेवढी कमी. तीच दश्शी इस्पिकची असती तर बहुतेक मी कॉल केला असता. एवढ्या एका चिन्हाचा फरक. शिवाय तीन तासांत काकांनी रिव्हरला मोठे पैसे लावून दाखवलेला प्रत्येक हात खरा निघाला होता.

दोन वर्षांपूर्वी मी कॉल केला असता, निव्वळ बघायला. माझा हात तसा पैशांच्या चिप्सपर्यंत गेलाही होता. मग पानं पुढे सरकवली, डाव सोडला.

काकांनी त्यांची पानं पालथीच डीलरकडे ढकलली. वरच्या पानाचा कोपरा किंचित दुमडलेला होता, मी तेवढ्याकडेच बघत राहिले. डीलरने ती बाकीच्या पत्त्यांत मिसळली.

पण खरं खुपतंय ते टर्नचं. तो कॉल बरोबरच होता, राजाची जोडी तिथे सोडायची नसते. फक्त करताना मी पुढचा विचारच केला नाही. तिसरा बदाम आला तर काय, टेबलावरच्या पानांत जोडी लागली तर काय, काहीच नाही आला तर काय. ते सगळं मी ४,९०० समोर आल्यावर ठरवायला बसले, घड्याळ चालू असताना.