कोड आला की सेन्सर का नाही बदलत?

विक्रोळीत गॅरेज चालवतो, आणि आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतोच: "स्कॅनरने सेन्सरचं नाव सांगितलं ना, मग तोच बदला की. तपासत काय बसता?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला, स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा नंबर. बिघाड कुठल्या सर्किटमध्ये दिसला तेवढंच तो सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर असतो, तसाच कपलर (वायर सेन्सरला जोडणारा खटका) असतो, वायर असते, अर्थिंगही असतं.

मे महिन्यात एक काका 2011ची वॅगनआर घेऊन आले. चेक लाइट पेटलेली, रेडिएटरचा फॅन बंदच होत नव्हता, पेट्रोल भसाभस जात होतं. कोड पी0118, म्हणजे कूलंटच्या तापमानाचं सर्किट, व्होल्टेज जास्त. आधीच्या गॅरेजने सेन्सर बदलून दिला होता, तरी कोड परत आला. मी स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे उघडले, तर तापमान उणे 40. मुंबईत, भर मे महिन्यात! हा सेन्सर थंडीत जास्त रेझिस्टन्स दाखवतो, त्यामुळे तार तुटली की ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, आकडा बर्फातल्या इंजिनाचा दिसतो. म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो, आणि आकड्यावर भरवसा नसल्याने फॅनही चालूच ठेवतो. कपलर काढून त्याच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडला. वायरिंग धड असतं तर आकडा एकदम वर गेला असता. तो उणे 40वरच राहिला. म्हणजे दोष सेन्सरच्या मागे, वायरीत. बॅटरी उचलली तर खाली उंदराने कुरतडलेली वायर, तांबं हिरवं पडलेलं. सोल्डर केलं, हीट श्रिंक चढवलं, कोड पुसला. आकडा चढायला लागला, फॅन थांबला.

मिसिंगचंही तसंच. पी0302, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग, आला की लोक थेट नवी कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी) आणतात. प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असेल, तर मी दोन आणि तीन नंबरच्या कॉइल अदलाबदल करून गाडी चालवतो. कोड पी0303 झाला तर कॉइल खराब. दोनवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघायचं. पावसाळ्यात तर आधी प्लगची विहीर बघतो, तिथे पाणी साचलेलं असतं. हे सगळं अर्ध्या तासाचं काम, पैसा एक लागत नाही. पी0171 आला की बिचाऱ्या ऑक्सिजन सेन्सरवर आळ येतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय हे त्याने खरंच सांगितलेलं असतं, आणि जादा हवा आत घेणारी चिरलेली व्हॅक्यूमची नळी मात्र कुणी बघत नाही.

गिऱ्हाइकाचे पैसे असे वाया गेले की मला मनापासून वाईट वाटतं. काकांच्या डिकीत तो काढलेला जुना सेन्सर होता. मी त्याला मल्टीमीटर लावला आणि टोक गरम पाण्याच्या ग्लासात बुडवलं. रेझिस्टन्स सरळ, न अडखळता खाली उतरत गेला. काका बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले, मग सेन्सर पुसून रुमालात गुंडाळला.