फॉर्ममध्ये मराठीवर खूण केली होती

जुनी मुंबई दाखवणाऱ्या फेरीच्या बुकिंगच्या फॉर्ममध्ये 'माहिती कोणत्या भाषेत हवी' असा एक रकाना होता. इंग्रजी, हिंदी, मराठी असे तीन पर्याय. मी मराठीवर खूण केली आणि खाली 'विशेष सूचना' होत्या तिथे पुन्हा लिहिलं की सगळी मंडळी सत्तरीच्या पुढची आहेत, त्यांना इंग्रजी ऐकायची सवय नाही. त्या एका खुणेपायी जेवढी डोकेफोड झाली तेवढी बाकीच्या सगळ्या तयारीत मिळून झाली नाही. राग अजून उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. घरातल्या मोठ्यांना मुंबईच्या जुन्या वस्त्या कुणा जाणकाराबरोबर दाखवायचं मनात असेल तर वाचा.

बेत साधा होता. आई, बाबा, आत्या आणि आईची एक मैत्रीण. बाबांची सगळी नोकरी फोर्टात झाली, आत्या लग्नाआधी गिरगावात चाळीत राहायची, आईचं माहेर रेवदंड्याकडचं. प्रत्येकाला आपापली मुंबई पाठ, पण शेजारच्या गल्लीत कोण राहतं, का राहतं, हे कुणालाच ठाऊक नाही. आत्या खोताच्या वाडीवरून शाळेत जायची, आत कधी गेली नाही. बाबा काळा घोड्याच्या निळ्या सिनेगॉगसमोरून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळासमोरून, रोज जायचे. म्हणून ठरवलं, सकाळी गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळी आणि खोताची वाडी, मग टॅक्सीने मशीद बंदरकडचं जुनं सिनेगॉग, आणि पाय शाबूत असतील तर बाणगंगा. ठरलेल्या मार्गांच्या फेऱ्या तरुणांच्या चालीने जातात, म्हणून खासगी फेरी घेतली. पैसे आगाऊ भरले.

बुकिंग पक्कं झाल्याचा मेसेज आला. तारीख, वेळ, जमण्याची जागा, माणसं किती, सगळं होतं. भाषा नव्हती. मी फोन केला. "हो मॅडम, गाइडला मराठी येतं." मराठी येणं आणि तीन तास मराठीतून इतिहास सांगता येणं यात फार अंतर आहे, म्हणून म्हटलं, गाइडशी दोन मिनिटं बोलू द्या. नंबर आदल्या रात्रीच मिळेल, त्याआधी देत नाही. का देत नाही, तर तसा नियम आहे.

पुढच्या फोनवर वेगळी व्यक्ती. तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे बाहेरचे पाहुणे जास्त, गाइडची तयारी इंग्रजीत असते, हिंदी चालेल का? मी म्हटलं, फॉर्ममध्ये मराठीचा पर्याय तुम्हीच ठेवलाय. मग मराठीसाठी वेगळा आकार पडेल असं कळलं. तो फॉर्ममध्ये कुठे लिहिलाय, विचारलं. ईमेल करा, म्हणाली. ईमेल केला. उत्तर नाही. परत फोन, परत नवा आवाज, परत पहिल्यापासून. या तिसऱ्या गृहस्थांनी मला सुचवलं, "गाइड इंग्रजीत सांगतील, तुम्ही घरच्यांना समजावून सांगा ना."

इथे माझा संयम संपला, आणि त्याचं कारण नुसती गैरसोय नव्हतं. आम्ही पाहायला काय निघालो होतो बघा. खोताची वाडी वसली ती दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर, अठराव्या शतकाच्या अखेरीस. तिथे घरं बांधली ती ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्याच मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांनी, आणि त्यांची घरातली बोली मराठीच. केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, मुंबईतला पहिला. मशीद बंदरचं सिनेगॉग ज्या बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाचं, त्यांची आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर; अलिबागकडच्या गावांतून मुंबईत आलेली, मराठी बोलणारी माणसं ही. या सगळ्यांची हकिगत माझ्या आईने इंग्रजीत ऐकायची आणि मी कडेला उभं राहून तिला मराठीत सांगायची? आणि ज्या मराठीच्या जोरावर ही माहिती गोळा होते, तिच्यासाठी वेगळे पैसे? बाहेरून आलेल्या पाहुण्याला इंग्रजीत सांगा, जरूर सांगा. पण या शहरात आयुष्य काढलेल्या माणसाने पैसे मोजून मराठी मागितलं तर त्याला अडवू नका.

फोन करणं बंद केलं. फॉर्म भरतानाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता, कारण भरलेला फॉर्म पाठवण्याआधी फोटो काढून ठेवायची मला सवय आहे. तो जोडून तीन ओळींचा ईमेल लिहिला: तुमच्या फॉर्ममध्ये मराठीचा पर्याय आहे, जादा आकाराचा उल्लेख नाही, अमुक तारखेपर्यंत मराठी बोलणाऱ्या गाइडची लेखी खात्री द्या, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. आधीच्या लांबलचक ईमेलला न मिळालेलं उत्तर याला दुसऱ्या दिवशी मिळालं, आणि त्यात गाइडचा नंबर होता. ही सगळ्यात महत्त्वाची सूचना समजा. फॉर्मचा फोटो ठेवा, तक्रार लेखी करा, थोडक्यात करा, तारीख घाला.

गाइडला फोन लावला तर पलीकडे लालबागमध्ये वाढलेली मुलगी, इतिहासात एम.ए. केलेली, अस्खलित मराठी. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ऑफिसकडून तिला येणाऱ्या कागदावर तारीख, वेळ आणि संख्या असते, भाषा नसतेच. ती म्हणाली, "मला मराठीत सांगायला कधीपासून आवडलं असतं, पण कुणी मागतच नाही असं ऑफिसात सांगतात." आम्ही मागत होतो आणि ती सांगायला तयार होती, मधल्या टेबलावर आमचं मागणं अडकून पडलं होतं. फोन ठेवला तेव्हा मला खरंच हायसं वाटलं.

तिने त्या एका फोनवर विचारलेले प्रश्न बुकिंगवाल्यांनी कधीच विचारले नव्हते. कुणाचे गुडघे दुखतात का, मधे बसायला लागेल का, स्वच्छतागृह किती वेळाने हवं. तुम्हीही हे आधीच बोलून घ्या. जुन्या वस्त्यांत बाकडं आणि स्वच्छतागृह शोधणं सोपं नसतं. सिनेगॉगसाठी प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र हवं, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, त्यामुळे तो काळ सोडा. आत पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, टोपी घरून न्या. आम्ही रविवार घेतला. मशीद बंदरचे घाऊक बाजार त्या दिवशी बहुतेक बंद, हातगाड्यांची गर्दी नाही, ज्येष्ठांना चालता येतं. पण बाजारच पाहायचा असेल तर रविवार नको. फोर्टातल्या 1733च्या अग्यारीसारख्या ठिकाणी पारशी नसलेल्यांना आत जाता येत नाही. गाइड बाहेरूनच सांगेल, त्यावर हुज्जत घालू नका.

गिरगावचा भाग सुरळीत झाला. आत्या चाळीच्या चौकात उभी राहिली आणि गाइडला म्हणाली, "पोरी, तू सांग, पण मधे मी बोलेन हं." तिने बोलू दिलं. खोताच्या वाडीतले लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने, प्लेगच्या काळापासून मुंबईत ठिकठिकाणी जे क्रूस उभारले गेले त्यांतला एक, सगळं निवांत पाहिलं. इथे एक कळकळीची विनंती. ही राहती घरं आहेत. दारात कॅमेरा घालू नका, सकाळच्या वेळी मोठ्याने बोलू नका. पर्यटकांच्या वागण्याचा तिथल्या लोकांना त्रास होतो आणि तो रास्त आहे. जुनी घरं आधीच एकेक करून इमारतींना जागा देत चालली आहेत, उरलेल्यांना तरी सुखाने राहू द्यावं.

खरी रंगत आली ती सिनेगॉगमध्ये. शआर हाराहमीम, म्हणजे मुंबईतलं सगळ्यात जुनं, 1796चं. बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले; म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले आणि सुटून आल्यावर हे बांधलं, अशी या समाजात सांगितली जाणारी हकिगत. बाबांनी विचारलं, मग काळा घोड्याचं निळं? ते 1884चं, जेकब ससूनचं, आणि ससून मंडळी बगदादहून एकोणिसाव्या शतकात आलेली. बेने इस्रायल त्याच्या कितीतरी आधीपासून कोकणात होते. तिथे आई एकदम म्हणाली, "आमच्याकडे शनवार तेली म्हणायचे त्यांना. शनिवारी घाणा बंद." गाइडच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. मग आईने मलिद्याचं काढलं. शेजारच्या घरातून पोहे-खोबऱ्याचा मलिदा कसा यायचा, एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताचं नाव कसं घ्यायचे. गाइडने वही काढून लिहून घेतलं. त्या समाजात मराठीतून कीर्तनं होत असत, हे तिने सांगितलं तेव्हा चौघंही थक्क झाली.

हे सगळं इंग्रजीतून झालं असतं तर आईने तोंड उघडलं नसतं. मला तिचा स्वभाव माहीत आहे.

निघताना कुणालाच उठवेना, त्यामुळे बाणगंगा राहिली. तिथे पायऱ्या फार आहेत, एकाच दिवशी गिरगावला जोडू नका. ती वेगळी ठेवा, सकाळी लवकर. शिलाहारांच्या काळातलं, 1127चं तळं ते, आणि आजूबाजूची देवळं पाहायलाच तास-दीड तास जातो. टॅक्सीवाल्याला वाळकेश्वर बस डेपोपाशी सोडायला सांगा, तिथून उतार आहे. येताना तोच चढ होतो, तेव्हा टॅक्सी थांबवून ठेवलेली बरी. गुडघ्यांचा त्रास असेल तर पावसाळा टाळा, दगड निसरडे होतात. आणि बुकिंग करताना पैसे भरण्याआधी, नंतर नव्हे, गाइडशी दोन मिनिटं मराठीत बोलायला मागा. द्यायला तयार नसतील तर दुसरीकडे विचारा.