लॉग : प्रायमरी सुटला! 'ग्लास मिरर' या दोन शब्दांनी १९ दिवस खाल्ले

मंडळी, माझ्या दुर्बिणीचा प्रायमरी, म्हणजे मुख्य आरसा आला! २५४ मिमी, एफ/५ (फोकल लेंग्थ व्यासाच्या पाचपट), बोरोसिलिकेट काच. टेबलावर ठेवलाय आणि मी सकाळपासून चार वेळा टॉर्च तिरका धरून कोटिंग बघितलंय, एक ओरखडा नाही, कडेला टवका उडालेला नाही, मागच्या बाजूला सिरियल नंबर स्वच्छ कोरलेला. मागच्या अपडेटमध्ये ट्रॅकिंग कस्टम्सपाशी अडकलं होतं, तिथून पुढचं सगळं लिहितो कारण याच साइजचा मागवायचं तुमच्यातल्या काहींच्या मनात आहे आणि माझे गेलेले दिवस तुमचे जाऊ नयेत.

झालं असं की विक्रेत्याने इनव्हॉइसवर फक्त 'ग्लास मिरर, १ नग' एवढंच लिहिलं. एचएस कोड (कस्टम्समध्ये मालाचा प्रकार सांगणारा आकडा) नाही, मॉडेल नाही, कशासाठी आहे ते नाही. मग कुरियरच्या क्लिअरन्सवाल्याने सरळ ७००९ लावला, म्हणजे काचेचे आरसे, गाडीचे रिअर व्ह्यूसुद्धा त्यातच येतात, आणि फ्रेम नाही म्हणून ७००९.९१. आपला पॅराबोलॉइड (खोलगट परावर्तक) आरसा खरं तर ९००१ मध्ये जातो, माउंट न केलेले लेन्स, प्रिझम, आरसे वगैरे, नेमकं सांगायचं तर ९००१.९०. सेलमध्ये (आरसा धरणाऱ्या बैठकीत) बसवून आला असता तर ९००२ झाला असता. एचएसचे पहिले सहा आकडे ही पद्धत वापरणाऱ्या सगळ्या देशांत सारखे असतात (१९८८ पासून चालू आहे हे, जागतिक सीमाशुल्क संघटना सांभाळते), त्यापुढचे आकडे आणि दर ज्याचे त्याचे. म्हणून हे तुम्ही कुठेही असलात तरी कामाला येईल.

पहिला मेल मी वाया घालवला. 'हा दुर्बिणीसाठी आहे, खगोलनिरीक्षणाचा छंद आहे' असं मोठं पत्र लिहिलं, फोटो जोडले, उत्तर आलं की वर्गीकरण बदलता येत नाही. दोन दिवस चिडचिड झाली. मग शांतपणे एचएस वर्गीकरणाचे नियम वाचायला बसलो आणि पहिल्याच नियमात उत्तर मिळालं: कोड ठरतो तो हेडिंगच्या (चार आकडी कोडच्या वर्णनाच्या) शब्दांवर आणि सेक्शनच्या, प्रकरणाच्या टिपांवर. माझा छंद काय आहे याला तिथे जागाच नाही. आणि प्रकरण ७० ची, म्हणजे काचेच्या प्रकरणाची, टीप क्रमांक १ उघडली तर त्यात स्पष्ट लिहिलंय की ऑप्टिकली वर्क्ड घटक या प्रकरणात येत नाहीत, ते ९० मध्ये. सगळा खेळ त्या 'ऑप्टिकली वर्क्ड' वर आहे! म्हणजे पृष्ठभाग घासून पॉलिश करून प्रकाशासाठी ठराविक आकारात आणलेला. (जे स्वतः घासतात त्यांनी लक्ष द्या, नुसता न घासलेला ब्लँक (काचेची कोरी चकती) मागवलात तर तो ९००१ मध्ये बसणार नाही.)

दुसरा मेल सहा ओळींचा. हेडिंग, टीप, आणि पुरावा म्हणून मेकरचा टेस्ट रिपोर्ट, इंटरफेरोग्राम (पृष्ठभाग किती अचूक आहे ते दाखवणारी प्रतिमा), फोकल लेंग्थ १२७० मिमी लिहिलेलं डेटाशीट, शिवाय विक्रेत्याकडून दुरुस्त इनव्हॉइस ज्यात 'दुर्बिणीचा परावर्तक आरसा, ऑप्टिकली वर्क्ड, माउंट न केलेला' असं पूर्ण वर्णन. चौथ्या दिवशी कोड बदलला, ड्युटी जवळपास निम्म्यावर आली. तो मेल वाचला तेव्हा पहिल्यांदा शनीची कडी बघितली होती त्या रात्रीइतका आनंद झाला, खरंच सांगतो. गोदामाचं भाडं आणि कुरियरची ड्युटी आगाऊ भरण्याची फी मात्र परत मिळाली नाही.

दुसरं दुखणं शिपिंगचं. पॅकिंगसकट खरं वजन ६.२ किलो, पण कुरियर बॉक्सच्या मापावरूनही वजन काढतो आणि दोन्हीतलं जास्त ते लावतो: ४५×४५×२५ सेंमी, भागिले ५००० म्हणजे १०.१, वर राउंड करून बिल लागलं १०.५ किलोचं. अर्ध्यापेक्षा जास्त बॉक्स थर्माकोलचे गोळे होते! दाट फोममध्ये कापून बसवला तर ३८×३८×२० पुरतो, म्हणजे ५.८, मग खऱ्या वजनावरच बिल. आणि जिथे ड्युटी वस्तू अधिक शिपिंग अधिक विमा यांच्या बेरजेवर लागते तिथे हे दुप्पट टोचतं. वस्तू १०० ची, शिपिंग (विम्यासकट) ४०, ड्युटी १० टक्के, त्यावर टॅक्स २० टक्के धरा, एकूण १८४.८. शिपिंग २५ वर आणलं की १६५. वाचवले १५, पण खिशात राहिले १९.८. माझ्या मते सौदा करायचाच तर किमतीआधी बॉक्सच्या मापावर करा.

किंमत कमी लिहू का, गिफ्ट लिहू का असं विचारणारे विक्रेते भेटतात, मी नाहीच म्हणतो. ते खोटं डिक्लेरेशन आहे, आणि वाटेत काच फुटली तर विमा लिहिलेल्या किमतीपुरताच मिळणार. तसंच 'डीडीयू' (ड्युटी न भरता पोचवणं) लिहिणाऱ्यांना परत विचारा, ती टर्म इन्कोटर्म्सच्या (आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या ठरलेल्या अटींच्या) २०१० च्या आवृत्तीतच गेली, आता डीएपी म्हणजे ड्युटी तुमची, डीडीपी म्हणजे त्यांची. छोट्या पार्सलची सूटही गृहीत धरू नका, युरोपियन युनियनने २२ युरोंपर्यंतची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ ला काढली, अमेरिकेने ८०० डॉलरवाली सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी थांबवली.

आता पुढचं. ६३ मिमीचा सेकंडरी (दुसरा छोटा आरसा) वेगळा मागवणार होतो, पण हे लिहिता लिहिताच वाटलं की फोकसर (आयपीस पुढेमागे करणारा भाग) आणि स्पायडर (सेकंडरी धरणारा सांगाडा) त्याच विक्रेत्याकडून एकाच बॉक्समध्ये का नको, पार्सलमागची फी एकदाच लागेल. प्रत्येक नगाची वेगळी ओळ हवी, फोकसर ९००५.९० म्हणजे दुर्बिणीचे भाग. प्रायमरी आधीच हातात आहे ते बरंच झालं, कारण अख्खा संच एकत्र आला असता तर सुटी केलेली पूर्ण दुर्बीण म्हणून ९००५.८० लावला जाऊ शकला असता. तुमच्याकडचे दर सुट्या भागांच्या आणि पूर्ण दुर्बिणीच्या, दोन्ही कोडना लावून बघा, कुठे ते स्वस्तही पडेल.

अजून एक, काही वर्षांनी रिकोटिंगला (परावर्तक थर पुन्हा चढवायला) देशाबाहेर पाठवावा लागेल तेव्हा आरसा बाहेर जाण्याआधीच कस्टम्सकडे सिरियल नंबरसह नोंद करायची, बऱ्याच देशांत मग परत येताना पूर्ण किमतीवर ड्युटी लागत नाही. म्हणून सिरियलचा फोटो आजच काढून ठेवलाय.

विक्रेत्याला बॉक्सची मापं आणि इनव्हॉइसच्या तिन्ही ओळी तयार करून पाठवल्यात, कोट आला की इथेच टाकतो. तोवर मिरर सेलचे सपोर्ट पॉइंट चिकटवायला घेतो.