लाडवाचा आणि मटणाचा काय संबंध?

सकाळी पावणेसातला काकींचा फोन आला. त्या वेळेला त्यांच्याकडं तीळ भाजायचं काम चालू असतं, त्या कुणाला फोन करत नाहीत. म्हणून उचलतानाच पोटात गोळा आला.

"गूळ संपला."

"मग आणा की, काकी."

"गुऱ्हाळावरच संपलाय. काल पुण्याची गाडी आली आणि होता नव्हता तेवढा उचलून गेली. आबा म्हणाले, तुमच्या पोरीचा तो व्हिडिओ बघून आलेली माणसं."

ती पोरगी म्हणजे मी. तारीख ९ जानेवारी. संक्रांत पाच दिवसांवर आलेली, काकींच्या वहीत सत्तर किलो तिळाच्या लाडवांच्या ऑर्डरी लिहिलेल्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त त्याच व्हिडिओमुळं आलेल्या. ज्या पोस्टनं गिऱ्हाईक आणलं त्याच पोस्टनं गूळ पळवला होता.

मी कोल्हापुरात सात-आठ लहान धंद्यांची सोशल मीडियाची कामं बघते. फोटो काढणं, मजकूर लिहिणं, पोस्ट टाकणं, "ताई रेट काय?" याला शंभरदा उत्तर देणं. राजारामपुरीतल्या या काकी माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. डिंकाचे, मेथीचे, शेंगदाण्याचे लाडू करतात आणि जानेवारी उजाडला की फक्त तिळाचे. लाडू असा की खाणारा पुन्हा येतोच, पण पहिल्यांदा खाणार कोण, हा प्रश्न. इन्स्टाग्रामवर जेमतेम चारशे फॉलोअर, त्यात पन्नास-साठ घरातलेच.

दुसऱ्यांची नावं घालून आपला धंदा लोकांपुढं न्यायचा, हे मी आधी कुठंतरी ऐकलं होतं आणि चुकीचं समजून घेतलं होतं. दिवाळीत मी काकींच्या एका फोटोला इन्स्टाग्राम देईल तितकी नावं चिकटवली. एका फोटोवर वीस खाती टॅग करता येतात, मी वीसच्या वीस केली. गावातली मोठी हॉटेलं, मिसळीची दुकानं, खाण्याची पेजं, एक साडीचं दुकानसुद्धा. का, तर त्यांच्या लाखभर लोकांतले चार जण तरी आपल्याकडं बघतील. बघितलं फक्त एकानं. एका हॉटेलच्या मालकांचा थेट काकींना फोन: "तुमच्या लाडवाचा आणि आमच्या मटणाचा काय संबंध हो?" काकींना उत्तर सुचलं नाही. खरं तर उत्तर नव्हतंच. तासाभरात त्यांनी आपलं नाव त्या फोटोवरून काढून टाकलं आणि आम्हाला ब्लॉक केलं. बाकीच्या एकोणीस जणांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यातलं एक तेलाच्या घाण्याचं खातं तर आमच्याकडच्या घाण्याचं नव्हतंच, त्याच नावाचं भलत्याच जिल्ह्यातलं निघालं.

मटणवाल्यांचा राग आला होता, पण त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना. संबंध काय? मग संबंध असलेल्यांची यादी करायला बसले तेव्हा ती चांगलीच लांब झाली. गूळ आबांच्या गुऱ्हाळाचा. शेंगदाणा ठरलेल्या दुकानाचा. डबे पापाची तिकटीजवळच्या एका भांडेवाल्याकडचे. लाडू पुण्याला नेणारी ट्रॅव्हल्सची गाडी. काकी वर्षानुवर्षं या माणसांकडून माल घेतात, उधारी ठेवतात, त्यांच्या घरच्या लग्नांना जातात, आणि मी हॉटेलांची नावं चिकटवत बसले होते.

म्हणून डिसेंबरच्या शेवटी आबांच्या गुऱ्हाळावर जाऊन चाळीस सेकंदांचा व्हिडिओ केला. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना सांगायला नको, कॅमेऱ्याला तिथं काही करावंच लागत नाही. चरकातून येणारा हिरवट रस, काहिलीत चढणारा फेस, भेंडीचं पाणी घातल्यावर वर येणारी मळी, चुलवाणात जाणारी चिपाडं, आणि गुळव्या गार पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी बघतोय. आबा गुळात हायड्रोस, म्हणजे रंग उजळायची पावडर, घालत नाहीत, त्यामुळं तो पिवळाधमक दिसत नाही, काळपट तांबूस असतो. मजकुरात मी लिहिलं: "आमच्या लाडवाचा रंग असा का? कारण गूळ इथला." आणि आबांच्या मुलाचं खातं मेन्शन केलं, म्हणजे मजकुरात त्याच्या खात्याचं नाव घातलं. स्टोरीलाही तसंच. त्याला आधी विचारलं होतं. तो म्हणाला, "टाका की ताई, त्यात काय एवढं!"

त्याचे फॉलोअर तीनशे असतील-नसतील. पण ते तीनशे जण म्हणजे त्याचं सगळं गाव होतं, आणि निम्मं गाव पुण्या-मुंबईत कामाला. स्टोरीत मेन्शन केलं की समोरच्याला निरोप जातो आणि एका बोटात ती स्टोरी स्वतःच्या खात्यावर लावता येते. त्यानं ती लावली. त्याच्या मावसभावानं तो व्हिडिओ आपल्या स्टोरीला लावला. हिंजवडीत बसलेल्या कुणीतरी "आमच्या गावचं गुऱ्हाळ" म्हणून लावला, आणि त्या पोराचे ऑफिसातले मित्र काकींना लाडवाची किंमत विचारायला लागले. लाख लोकांच्या पेजनं जे केलं नाही ते तीनशेवाल्यानं केलं. मी चार दिवस हवेतच होते.

आणि आता हा फोन.

"दुसरीकडचा घ्या ना," मी काकींना म्हटलं. हे मी कोल्हापुरात बसून म्हणत होते, जिथं मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्या लागलेल्या असतात. ज्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्याच गावात गूळ मिळत नाही म्हणायचं तरी कसं.

काकी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "व्हिडिओत दाखवायचा आबांचा, आणि डब्यात भरायचा दुसऱ्याचा? तू लिवलंयस ना 'गूळ इथला' म्हणून?"

माझ्याकडं यावर बोलायला काही नव्हतं. नाव घेतलं की आपण त्या नावाला बांधले जातो, हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

साडेनऊला मी काकींना स्कूटरवर मागं बसवून शिवाजी पूल ओलांडला. पन्हाळ्याच्या रस्त्याला लागून आत चार किलोमीटर. दोन रिकामी पातेली काकींनी मांडीवर धरलेली. मी म्हटलं, पातेली कशाला? म्हणाल्या, "असू देत."

गुऱ्हाळावर आबा खाटेवर बसलेले, काहीसे गंभीर. मला वाटलं, गूळ संपल्याचं वाईट वाटतंय. तसं नव्हतं. गूळ गेला याचा त्यांना आनंदच होता, पैसे जागेवर मिळाले होते. अडचण निराळीच होती, आणि ती माझ्या कल्पनेतसुद्धा नव्हती.

आबा आपला गूळ शाहूपुरीतल्या एका अडत्याकडं घालतात. त्यांच्या वडिलांपासून तेच दुकान. हंगामाच्या आधी उचल तिथूनच मिळते, पोराच्या शिक्षणाला पैसे तिथूनच आले, पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला आबा धुतलेलं धोतर नेसून तिथंच जातात. त्या अडत्याच्या पुतण्यानं माझा व्हिडिओ बघितला, काकाला दाखवला, आणि रात्री काकाचा फोन: "आता थेट विकायला लागलायसा म्हणं? मग आमचं काय काम?"

"ताई," आबा मला म्हणाले, "तुम्ही पोराला विचारलासा. मला नाही विचारलं."

पोरगा चरकाजवळ उभा राहून मोबाइलमध्ये बघत होता, म्हणजे बघत असल्याचं दाखवत होता.

मी चपापले. माझ्या लेखी मेन्शन म्हणजे एक निळं अक्षर. त्या अक्षरामागं उचल आहे, दोन पिढ्यांचा व्यवहार आहे, कुणाचा मान आहे, हे मला दिसायचं कारणच नव्हतं. मी फोन काढून म्हटलं, "आबा, आत्ता काढून टाकते. दोन मिनिटांत नाव जातं."

"नाव काढून काय हुणार? बघणाऱ्यांनी बघितलं." मग थोडं थांबून, "काढू नका. नातू दाखवतोय सगळ्यांना."

काकी एवढा वेळ पातेली घेऊन उभ्या. त्यांनी विचारलं, "दुपारचं आदण कुणाचं?" आदण म्हणजे काहिलीत एका वेळी शिजणारा गूळ.

"पुण्यवाल्याचंच. परवा परत गाडी येणार हाय."

"त्यातलं चाळीस किलो माझं," काकी म्हणाल्या. विनंतीचा सूरच नाही. "अकरा वर्षं तुमच्याकडनं घेते. पुण्यवाला अकरा दिवसांचा नाही."

आबा हसले. पहिल्यांदाच. टनभर उसाला शंभर ते सव्वाशे किलो गूळ पडतो, आणि एका आदणातनं चाळीस किलो काकींना दिला तर पुण्यवाला काही उपाशी मरत नाही, एवढा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला असणार. काकी तिथंच कट्ट्यावर बसल्या. तीन तास. मी मधे दोन गिऱ्हाइकांचे फोन केले, उसाचा रस प्याले, आणि अडत्याचं काय करायचं यावर डोकं खाजवत बसले.

तोडगा आबांनीच काढला. जेवताना सहज म्हणाले, "त्यांचं बी नाव घाला की. राग नाव घातल्याचा न्हाई, त्यांचं न घातल्याचा हाय."

मी घास हातात धरून बघतच राहिले. मार्केटिंगचे कोर्स करून मला जे कळलं नव्हतं ते हा माणूस भाकरी मोडता मोडता सांगत होता.

या खेपेला मात्र आधी विचारलं. आबांनी अडत्याला फोन लावला, स्पीकरवर. "मालक, काकींचा लाडू, आमचा गूळ, तुमची पेढी, असं तिघांचं टाकायचं म्हंत्यात. चालंल का?" पलीकडून बराच वेळ काही नाही. मग खाकरल्याचा आवाज. मग, "पेढीचं नाव नीट लिवा. फर्मच्या पाटीवर हाय तसंच." आणि लगेच, "फोटो दुकानातला घ्या, गोदामातला नको."

पेढीचं खातं निघालं, पुतण्यानं चालवलेलं. त्यावर रोजचा गुळाचा भाव, अंबाबाईचा फोटो आणि शुभ सकाळ, एवढंच. पण फॉलोअर बघून मी जागीच सरळ बसले: गूळ घेणारे दुकानदार, गुजरातेतले व्यापारी, पार सोलापूर-लातूरकडचे किराणावाले. हे माझ्या हॉटेलांच्या यादीत कुठं होतं?

चारच्या सुमाराला आदण उतरलं. वाफ्यात घोटलेला गूळ डबड्यात भरून रवा पाडायच्या आधीच काकींनी पातेली पुढं केली. तेव्हा कळलं पातेली कशाला ते. रवा बांधायला आणि गार व्हायला वेळ जातो, आणि काकींना तेवढा वेळ नव्हता. ऊन ऊन गुळाची दोन पातेली स्कूटरवर नेणं काही जमण्यासारखं नव्हतं, तेव्हा आबांच्या पोरानं दुधाच्या टेम्पोत घालून ती राजारामपुरीला पोचवली. अपराधी चेहऱ्यानं, न सांगता.

येताना शाहूपुरीत थांबून पेढीचा फोटो काढला. अडते गादीवर बसलेले, मागं पाटी, शेजारी तराजू. तीनदा टोपी सरळ केली त्यांनी. पोस्ट तिघांच्या नावानं एकत्र टाकायचा विचार होता, म्हणजे ती तिन्ही खात्यांवर दिसते आणि प्रतिक्रियाही एकाच जागी येतात. पण पुतण्या म्हणाला, काकांना आपल्या खात्यावर लाडू चालणार नाही, तिथं फक्त गूळ. बरोबर होतं त्यांचं. नुसतं मेन्शन केलं. त्यांनी स्टोरीला लावलं, अंबाबाईच्या फोटोच्या आणि भावाच्या मधोमध, आणि चोवीस तासांत लातूरच्या एका किराणा दुकानदारानं काकींना विचारलं की डिंकाचे लाडू घाऊक मिळतील का. काकींनी नाही सांगितलं. दोन हातांनी किती वळणार?

आता माझ्याकडं एक वही आहे. कुणाचं नाव घालायचं, परवानगी कुणी दिली, त्या घरात परवानगी द्यायचा अधिकार खरंच त्याच माणसाचा आहे का, खातं तेच का, आणि त्यांना स्वतःबद्दल काय लिहिलेलं नको आहे. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. शेंगदाणेवाल्यानं साफ नको म्हटलं. काकींना तो दोन रुपये कमीनं देतो, हे बाकीच्या गिऱ्हाइकांना कळलं तर त्याची पंचाईत. डबेवाले एका पायावर तयार, पण त्यांचं खातंच नाही. ट्रॅव्हल्सवाले म्हणाले टाका, फक्त लाडू गाडीतून जातात हे लिहू नका. मग काय लिहू, ते अजून सुचलेलं नाही.

मटणाच्या हॉटेलानं आम्हाला अजून ब्लॉकच ठेवलंय.

यंदा डिसेंबरात काकींच्या नव्या व्हिडिओचं ठरत होतं, तेव्हा पेढीवरून निरोप आला. व्हॉइस नोट, अडत्यांच्याच आवाजात. "गेल्या साली आमचं नाव आबांच्या खाली आलं होतं. औंदा वर घ्या." मी ती आबांना ऐकवली. ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "घ्या वर. गूळ तेवढा माझाच ठेवा."