शुड, मस्ट आणि आपल्या बाई

स्मरणिका समितीचा ग्रुपवर मेसेज आला की अमृतमहोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांनी काहीतरी लिहून पाठवा, आणि तेव्हापासून डोक्यात एकच विषय घोळतोय. शाळेबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, पण मला लिहायचंय फक्त इंग्रजीच्या बाईंबद्दल आणि त्यातही त्यांनी नववी ब ला शिकवलेल्या मोडल ऑक्झिलरीजबद्दल, म्हणजे कॅन, मे, मस्ट, शुड असल्या सहाय्यक क्रियापदांबद्दल. बाकीच्या सर-बाईंनी राग मानू नये, त्यांच्यावर लिहिणारे भरपूर जण आहेत. बाईंचं नाव लिहीत नाही, आपल्या शाळेत नुसतं "इंग्रजीच्या बाई" म्हटलं तरी कोण ते सगळ्यांना कळतं.

आमच्या बॅचला इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, तोवर आम्ही दहावी होऊन बाहेर पडलो होतो. घरी इंग्रजी बोलणारं कोणी नाही, कानावर पडायचं ते क्रिकेटच्या निमित्ताने तेवढंच. आणि गाईडमध्ये मोडलचा एक तक्ता असायचा, कॅन म्हणजे अ‍ॅबिलिटी, मे म्हणजे परमिशन, मस्ट म्हणजे कंपल्शन, तो पाठ करायचा, परीक्षेत फंक्शन लिहायचं, मार्क घ्यायचे, विषय संपला. बाईंनी पहिल्याच दिवशी गाईड दप्तरात ठेवायला लावलं आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगितली. डावीकडे लिहायचं "तोंडात" आणि उजवीकडे "कागदावर". वर्षभर ती वही चालली.

आपण वर्गाच्या दारात उभं राहून "मे आय कमीन बाई" म्हणायचो ना, बाई म्हणाल्या हे छान आहे, अदबीचं आहे, पण बाहेरच्या जगात माणसं एकमेकांना "कॅन आय" असंच विचारतात. मे जास्त करून कागदावर राहतो, नियमात, नोटिशीत, सायन्सच्या पुस्तकात, जिथे लिहिणाऱ्याला "असं होऊ शकतं" एवढंच म्हणायचं असतं. मस्टचंही तसंच. कागदावर मस्ट म्हणजे सक्ती. पण बोलताना "यू मस्ट बी टायर्ड" म्हटलं तर ती सक्ती नाही, तो अंदाज आहे, दमला असशील ना. आणि "यू मस्ट कम फॉर डिनर" हा हुकूम नाही, तो आग्रह आहे, जसं आपण म्हणतो यायलाच पाहिजे हं. सक्ती सांगायची तर बोलताना लोक हॅव टू वापरतात. हे गाईडमध्ये कुठेच नव्हतं.

बाईंची दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी मराठीला कधी वर्गाबाहेर काढलं नाही. म्हणायच्या, जायला हवं आणि जावं लागतं यातला फरक तुम्हाला कोणी शिकवला का? आईने सांगितलं म्हणून जायला हवं, ते शुड. बस तिथेच थांबते म्हणून चालत जावं लागतं, ते हॅव टू. गेला असणार म्हणजे मस्ट हॅव, गेला असेल म्हणजे मे नाहीतर माइट हॅव. आणि सगळ्यात जास्त वेळ त्यांनी घालवला मस्ट नॉट आणि डोन्ट हॅव टू वर, कारण तिथे सगळी पोरं घसरतात. पहिल्याचा अर्थ जायचं नाही, बंदी. दुसऱ्याचा अर्थ नाही गेलं तरी चालेल. पूर्ण पिरियड यावर गेला होता, एकेकाला उभं करून दोन्ही वाक्यं म्हणायला लावली होती.

आता ती ट्रान्झिस्टरची गोष्ट. 27 फेब्रुवारी 1996, मंगळवार, वर्ल्ड कपची भारत-ऑस्ट्रेलिया मॅच वानखेडेवर, डे-नाइट. आपली दुपारची शाळा. मधल्या सुट्टीनंतरचा तास बाईंचा आणि कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळे खिडकीकडे, कारण ऑफिसातला रेडिओ थोडा थोडा ऐकू यायचा. बाई वर्गात आल्या त्याच पर्समधून लहान ट्रान्झिस्टर काढून, टेबलावर ठेवला आणि सांगितलं, आवाज करायचा नाही, हिंदी कॉमेंट्री चालू असताना नुसतं ऐका, इंग्रजी सुरू झाली की पेन हातात घ्या आणि जेवढे मोडल ऐकू येतील तेवढे डावीकडच्या रकान्यात लिहा. आकाशवाणीवर हिंदी-इंग्रजी आलटून पालटून असायची, आठवत असेल. मार्क वॉ धुलाई करत होता आणि अख्खी नववी ब मान खाली घालून लिहित होती. दॅट शुड बी फोर, दॅट माइट बी क्लोज, ही कान्ट मिस फ्रॉम देअर, असली वाक्यं. कॉमेंट्री ऐकली की मोडल कशाला असतात ते समजतं हो, बॉल अजून हवेत आहे, पुढे काय होणार ते कोणालाच माहीत नाही, आणि बोलणाऱ्याला मात्र आत्ता काहीतरी सांगायचंय, किती खात्रीने सांगायचं ते शुड, माइट, मस्ट वरून ठरतं. मार्क वॉ ने 126 केले, ऑस्ट्रेलिया 258. रात्री सचिन 90 वर स्टंप झाला आणि आपण 16 रन्सनी हरलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात सुतकी शांतता. बाईंनी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं, वी कुड हॅव वन. वी शुड हॅव वन. ही शुडन्ट हॅव स्टेप्ड आउट. जिंकू शकलो असतो, जिंकायला हवं होतं, पुढे यायला नको होतं. मोडल परफेक्ट नावाचा जो धडा पोरांना महिनाभर कळत नाही तो आम्हाला त्या एका तासात कळला, कारण आम्हाला ते खरंच म्हणायचं होतं. मग बाईंनी तीच वाक्यं तोंडाने म्हणून दाखवली, कुडव्ह, शुडव्ह, हॅव चा नुसता शेपटीएवढा आवाज राहतो. म्हणाल्या हे असं ऐकू येतं म्हणून इंग्रजांची पोरंसुद्धा शुड हॅव च्या जागी शुड ऑफ लिहितात, तुम्ही लिहू नका.

मी आज पुण्यात टेक्निकल रायटर आहे, मशीनची मॅन्युअल्स लिहिते, टीममध्ये नवीन आलेल्या मुलामुलींना शिकवते. माझं अर्धं काम मोडल्सचं आहे असं म्हटलं तर खोटं नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या स्टँडर्ड्समध्ये शॅल म्हणजे करावंच लागेल अशी अट, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता किंवा क्षमता, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ऑडिटमध्ये भांडण होतं. इंटरनेटचे प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनी तर 1997 साली आरएफसी 2119 नावाच्या कागदात मस्ट, शुड, मे यांचा नेमका अर्थ काय घ्यायचा याची व्याख्याच करून ठेवली. कायद्यात शॅल आणि मे वरून कोर्टात वाद होतात, ही अट बंधनकारक की नुसती दिशा दाखवणारी. बाईंनी 26 जानेवारीच्या आसपास आम्हाला घटनेतलं कलम 52 इंग्रजीत वाचून दाखवलं होतं, देअर शॅल बी अ प्रेसिडेंट ऑफ इंडिया, आणि हा शॅल उजवीकडच्या रकान्यात लिहायला लावला होता. गंमत बघा, दक्षिण आफ्रिकेने त्याच 1996 साली जी घटना केली त्यात असा शॅल काढून मस्ट वापरलाय.

आणि कॉल्सवर डावा रकाना कामाला येतो. अमेरिकन क्लायंट कॅन म्हणाला का कान्ट यावर आमच्या टीममध्ये नेहमी चर्चा, कारण त्यांच्या कान्टमधला शेवटचा ट गिळलेला असतो. बाईंनी सांगितलेलं मी सगळ्यांना सांगते, ट शोधू नका, जोर कुठे पडतो ते ऐका. होकारात कॅन नुसता क्न असा पुसट येतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर, नकारात जोर कान्टवरच. ऑफिसच्या मेलमध्ये "आय वुड बी ऑन लीव्ह टुमारो" दिसलं की मी लगेच वुड काढून विल करते, सुट्टी ठरलेली आहे ना मग वुड कशाला. आणि "कॅन एबल टू" दिसलं की बाईच डोळ्यासमोर येतात, दोन्ही एकत्र नाही बाळा, एक घे.

पुढे एम.ए. करताना समजलं की इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाचे भाषातज्ज्ञ जेफ्री लीच यांनी 1961 आणि 1991 च्या छापील इंग्रजीचे दहा-दहा लाख शब्दांचे संग्रह शेजारी ठेवून पाहिलं, तर शॅल, मस्ट, मे हे सगळे कागदावरसुद्धा कमी होत चाललेत. म्हणजे डावा रकाना उजव्यात शिरतोय. ते वाचताना मला इतका अभिमान वाटला की काय सांगू, आमच्या बाईंनी कुठलाही कॉम्प्युटर नसताना नुसता कान उघडा ठेवून आम्हाला कुठे बघायचं ते सांगितलं होतं.

आता वाईट वाटतं ते एवढंच. भाचा आपल्याच शाळेत नववीला आहे, सेमी इंग्लिश, पहिलीपासून इंग्रजी, मोबाईल हातात, सगळं आहे, आणि त्याच्या वहीत पुन्हा तोच तक्ता, कॅन म्हणजे अ‍ॅबिलिटी, मे म्हणजे परमिशन. पोर्शन संपवायचा, टेस्ट घ्यायच्या, शिक्षकांनाही निवडणुकीची आणि ऑनलाइन माहिती भरायची कामं, त्यांना तरी दोष कसा द्यायचा. पण एक पिरियड ट्रान्झिस्टरला द्यायची मोकळीक तेव्हा होती आणि ती राहायला हवी होती. मुख्याध्यापकांशी बोलले आहे, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नववीचे दोन तास मला मिळतायत, मोबाईलवर इंग्रजी कॉमेंट्री ऐकवणार आणि रेघ मारलेली पानं वाटणार.

बाई आता लेकीकडे असतात, तब्येत बरी आहे, कार्यक्रमाला येणार असं समितीने कळवलंय. आमच्या बॅचच्या नववी ब ने त्या दिवशी जरा लवकर या, पुढच्या दोन रांगा धरायच्या आहेत, आणि ज्या कोणाकडे दोन रकान्यांची वही अजून शिल्लक असेल त्याने ती घेऊन या, माझी घर बदलताना गेली, मला झेरॉक्स हवी आहे.