१६० एकर आणि एक चुंबन

मुखपृष्ठावर बाई पाठमोरी उभी असते. पुढे नजर पोचेल तिथवर गवत, वाऱ्याने फुगलेला झगा, हातात बॉनेट म्हणजे हनुवटीखाली बांधायची टोपी आणि लांब कडेला एक खोपट. कधी चित्रकार तिला समोरून काढतो, पण मग डोकंच छाटतो. बाई हनुवटीपासून खाली सुरू होते. चेहरा जिचा तिने आपापला बसवून घ्यावा अशी सोय असणार. मी पुष्कळदा बसवून घेतला आहे.

अमेरिकन ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या मी वाचते, हे आता लपवण्यात अर्थ नाही. एका मैत्रिणीने माझ्या फोनमधली यादी पाहिली आणि उलटतपासणी सुरू केली.

"अगं, यात शेवटी होतं काय? लग्नच ना?"

"लग्नच."

"आणि त्याच्या आधी?"

"एक चुंबन. तीनशेव्या पानाच्या आसपास. पुढे दार बंद होतं आणि प्रकरणही."

"मग दोनशे नव्याण्णव पानं तू वाचतेस तरी काय?"

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायला लाज वाटली, कारण खरं उत्तर होतं : शेणी.

या कादंबऱ्या घडतात त्या अमेरिकेतल्या गवताळ माळावर झाड नाही, म्हणजे सरपण नाही. मग चूल पेटायची ती रानगव्यांच्या, आणि गवे मारून संपल्यावर गाईगुरांच्या, वाळक्या शेणींवर. पूर्वेकडच्या एखाद्या शहरातून हातमोजे घालून आलेली नायिका पहिल्या दिवशी ती शेण दोन काड्यांच्या चिमट्यात उचलते. आठवड्याने फडक्यात धरून. मग एप्रनच्या टोकाने. आणि महिन्याभरात नुसत्या हाताने उचलून चुलीत सारते, हात झग्याला पुसते आणि तेच हात पिठात घालते. लेखिकेच्या डोक्यातून निघालेला हा तपशील नव्हे. माळावर राहिलेल्या बायकांच्या आठवणींत ही चढती पायरी अशीच सांगितलेली आहे. 'ती आता खंबीर झाली होती' असं वाक्य मधे कुठे घातलेलं नसलं की मी लेखिकेला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण देते. घातलेलं असलं तर दोन कापते.

तसंच ते मातीचं घर. नांगराने गवत मुळ्यांसकट उलथायचं, त्याच्या लांबट विटा कापायच्या आणि एकावर एक रचायच्या. आत उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब, भाडं शून्य. फक्त छतातून माती गळते, किडे पडतात, प्रसंगी साप. म्हणून छताखाली मलमलीचं कापड ताणून बांधतात. पाऊस बाहेर थांबला तरी आत पुढचे दोन दिवस चालूच. अशा घरात नायक पहिल्यांदा येतो तेव्हा ती भांडी मांडून बसलेली असते, गळतीखाली. तो बिचारा टोपी काढावी की ठेवावी या विचारात. मला असे नायक आवडतात. घोड्यावरून रुबाबात येणाऱ्यांची पानं मी जरा भरभर उलटते.

या प्रकाराचा आजचा अवतार कुठून सुरू झाला हे सांगताना बहुतेक जण जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेच्या १९७९ साली आलेल्या 'लव्ह कम्स सॉफ्टली'कडे बोट दाखवतात. त्यातली मार्टी नवऱ्याला पुरते त्याच दिवशी एका अनोळखी विधुराशी लग्न करते; त्याला लेकीसाठी आई हवी, हिला हिवाळ्यासाठी छप्पर. आधी लग्न, मग ओळख, प्रेम सगळ्यांत शेवटी. सोय म्हणून केलेल्या लग्नाचं हे सूत्र नंतर इतक्या जणींनी इतक्या वेळा वापरलं आहे की ते आता धुऊन धुऊन मऊ झालं आहे. तरी मी वाचते. पण माझा जीव खरा अडकतो तो दुसऱ्याच एका गोष्टीत, आणि तिचं नाव कागद.

१८६२ साली अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. सरकारी जमिनीतले १६० एकर मागायचे, तिथे घर बांधायचं, पाच वर्षं राहायचं, जमीन कसायची. थोडीशी फी भरली की ती आपली, तसा कागद हाती. अर्जदार २१ वर्षांचा हवा, नाहीतर कुटुंबप्रमुख हवा. पुरुषच हवा असं कायद्यात कुठेच नव्हतं. म्हणजे अविवाहित बाईला अर्ज करता येई, विधवेला येई. येत नसे ती नवरा घरात असलेल्या बाईला, कारण कुटुंबप्रमुख तो. त्यात जुन्या इंग्रजी कायद्याच्या वळणाने लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याच्या हाती जायची. न्यूयॉर्कने १८४८ मध्ये आणि इंग्लंडने १८७० आणि १८८२ मध्ये कायदे करून ती गाठ सैल केली. बाकी ठिकाणी ज्याची त्याची गती.

आता या चौकटीत प्रेमकथा बसवून पाहा. बाईने एकटीने दावा लावला आहे, म्हणजे अर्ज करून आपले १६० एकर धरले आहेत. तीन वर्षं झाली आहेत, दोन उरली आहेत. शेजारच्या दाव्यावरचा माणूस चांगला आहे, कमी बोलतो, तिची विहीर खणायला आला होता. तो लग्नाचं विचारणार हे सगळ्या गावाला कळलं आहे, फक्त त्याला कळायचं आहे. अशा वेळी वाचणाऱ्याने 'हो म्हण, हो म्हण' असं म्हणायचं असतं. मी म्हणते, 'थांब बाई, आधी कागद.' नवरा-बायकोने दोन दाव्यांवर दोन घरं दाखवून दोन्हीकडे राहतोय म्हणायची सोय नव्हती. म्हणजे कुणाचा तरी दावा ढिला पडणार, आणि कुणाचा ते सांगायला नको. दोन बहिणींनी किंवा मैत्रिणींनी मात्र दाव्यांच्या बरोबर शिवेवर एकच खोपट बांधायचं आणि रात्री जिने तिने आपल्या एकरांवर झोपायचं, असे प्रकार झाल्याचं सांगतात. मधून शिव गेलेल्या त्या खोलीवर मी एक अख्खी कादंबरी वाचायला तयार आहे, नायक नसला तरी चालेल.

पाच वर्षांनी जमीन-कचेरीत जाऊन हे सगळं केल्याचं सिद्ध करावं लागे, आणि सोबत दोन साक्षीदार आणावे लागत. आता माझ्या मते या साऱ्या कादंबऱ्यांतला सर्वांत उत्कट प्रसंग इथे आहे आणि बहुतेक लेखिका तो अर्ध्या पानात उरकतात. शेजारचा तो माणूस शपथेवर उभा राहतो. कारकून विचारतो : ही बाई खरंच इथे राहिली का? किती जमीन नांगरली? आणि जो माणूस इतकी वर्षं 'आज वारं आहे' यापलीकडे काही बोललेला नाही, तो सांगू लागतो. इतके एकर नांगरले. विहीर आहे. कोंबड्यांचं खुराडं आहे. दोन खिडक्या आहेत. टोळ आले त्या वर्षीही ती गेली नाही. १८७४ च्या टोळधाडीत त्या किड्यांनी पिकं तर खाल्लीच, अवजारांच्या दांड्या कुरतडल्या, दोरीवरचे कपडे खाल्ले. तिथे टिकली म्हणजे टिकलीच. हे तो तिच्याकडे न पाहता कारकुनाला सांगतो आहे. तीनशेव्या पानावरच्या चुंबनाची मला मग फारशी गरज उरत नाही.

शिक्षिका असलेल्या नायिकांचीही हीच अडचण. अनेक ठिकाणी लग्न केलं की शाळेची नोकरी सुटायची. १२ जानेवारी १८८८ च्या हिमवादळात नेब्रास्कातल्या मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेने छप्पर उडालेल्या मातीच्या शाळेतून सगळ्या मुलांना सुखरूप बाहेर नेलं. त्या वादळाच्या छायेत लिहिलेल्या कादंबऱ्या पुष्कळ आहेत. वादळात पोरं वाचवणारीला संसार आणि फळा एकदम झेपणार नाहीत हे कुणी ठरवलं, असा प्रश्न त्यातल्या थोड्याच विचारतात.

आणि यातली भक्ती? लोकांना वाटतं, पानापानावर प्रवचन असेल. वाईट कादंबऱ्यांत असतंच. नायक घोड्याला खरारा करता करता उपदेश करतो आणि घोडासुद्धा कंटाळल्यासारखा वाटतो. पण बऱ्या कादंबऱ्यांतली प्रार्थना म्हणजे भांडण असतं. मूल गेलेलं असतं, पाऊस गेलेला असतो, आणि ती अंगणात उभी राहून वर बघून जाब विचारते. उत्तर येत नाही. ती आत जाऊन गाईची धार काढते. मी काही नेमाने प्रार्थना करणारी नव्हे, पण ती धार काढणं मला कळतं.

रात्री दिव्याशी ती बायबल उघडते तेव्हा बहुधा नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय निघतो. त्यातली बाई शेत पाहते, विचार करते आणि विकत घेते. हातच्या कमाईने द्राक्षमळा लावते. तिचे दंड बळकट आहेत. जमीनजुमल्याचीच बाई ती. मूळ हिब्रूत तिच्यासाठी आलेला शब्द आहे 'हायिल', म्हणजे बळ. सैन्यालाही हाच शब्द वापरतात. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात गिदोन या योद्ध्यापाशी हा शब्द आला तेव्हा त्याचं 'शौर्य' झालं, रूथच्या गोष्टीतल्या बवाज या धनिकापाशी आला तेव्हा 'संपत्ती' झाली, आणि बाईपाशी आला तेव्हा 'सद्गुण'. शब्द एकच. नायिकेला हिब्रू येत नाही, तिच्यासमोर तेच भाषांतर आहे, 'सद्गुणी स्त्री' वाचून ती उसासा टाकते आणि उद्याच्या नांगरटीसाठी लवकर झोपते. तिला उठवून सांगावंसं वाटतं, की अगं, तुझ्याबद्दलच आहे ते, फक्त वेगळं लिहिलंय.

एका गोष्टीवर मात्र माझं या पुस्तकांशी जमत नाही. ते १६० एकर रिकामे नव्हते. ज्या १८६२ च्या मे महिन्यात तो कायदा झाला, त्याच वर्षाच्या २६ डिसेंबरला मिनेसोटातल्या मॅन्कॅटोला डकोटा या मूळनिवासी जमातीच्या ३८ पुरुषांना एकदम फाशी दिलं गेलं. मंजुरीवर सही त्याच लिंकन यांची होती. मुखपृष्ठावरच्या त्या मोकळ्या गवताकडे नायिका पाहते तेव्हा आधी इथे कोण राहत होतं हे तिच्या मनात सहसा येत नाही. अलीकडच्या काही लेखिका एखादं पात्र, एखादं प्रकरण तिकडे वळवतात. बऱ्याच जणी नाही वळवत. मग तिच्या कागदासाठी अडकलेला माझा जीव थोडा अवघडतो, आणि पुढचं पान मी तरीही उलटते. हेही सांगितलेलं बरं.

शेवटच्या प्रकरणांचा तर मला धाकच असतो. पाच वर्षं झुंजून मिळवलेला कागद तिथे हरवतो. ओसरी असते, झुलती खुर्ची असते, बाळ असतं, सूर्य मावळत असतो. जमीन कुणाच्या नावावर राहिली याचा पत्ता नाही. मी मागची पानं चाळत बसते, जणू घरातच कुठेतरी ठेवून विसरलेला दस्तऐवज शोधते आहे. एकीने मात्र लक्षात ठेवून तो घरच्या मोठ्या बायबलात, जन्म-मृत्यू लिहायच्या पानांमध्ये ठेवला होता. त्या लेखिकेची सगळी पुस्तकं मी त्या आठवड्यात घेतली.

मैत्रिणीला त्यातलंच एक वाचायला दिलं. तिने ते नाक मुरडून घेतलं. चौथ्या दिवशी रात्री एक वाजता फोन.

"अगं, तो सावकाराचा माणूस कागद घेऊन आलाय. ती सही करते का?"

"चुंबन झालं का?"

"ते मरू दे गं. सही करते का ते सांग."